चार तारा आणि अक्काची घागर

बास गिटार वाजवणाऱ्याला कार्यक्रम संपल्यावर एकच प्रश्न येतो, "तुमचं वाजत होतं का?" वाजत होतं, हे पटवून देण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. ऑर्केस्ट्रात गाणारी दिसते, ढोलकीवाला दिसतो, अकॉर्डियनवाला तर भाता ताणून अर्धं स्टेज अडवतो. बास फक्त थांबला की कळतो. मग लोक म्हणतात, गाणं पोकळ वाटून राहिलं. पण थांबणं मला कधी जमलंच नाही, ना स्टेजवर ना घरी. नांदेडला असलो की लातूरची एसटी पकडावीशी वाटायची आणि लातूरला उतरलो की नांदेडात आपल्यावाचून काय चाललं असेल, या विचारानं पाय वळवळायचे.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, खुर्च्यांचे नुसते ढीग. बायकोला त्यातल्याच एका कचेरीत कारकुनाची जागा मिळाली आणि आम्ही नांदेड सोडलं. मी हिशेब केला की नवा जिल्हा म्हणजे नव्या शाळा, शाळा म्हणजे कवायतीचे ढोल, साहेबलोक म्हणजे त्यांच्या मुलींना हार्मोनियम. म्हणून वाद्यांचं दुकान टाकायचं ठरवलं. हिशेब चुकला नव्हता, पण त्यात पाऊस धरायचा राहिला होता.

दुकानाआधी खोली हवी होती आणि खोली मिळेना. आम्ही छप्पन सालानंतरचे बौद्ध. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी देऊन झालेली असायची. सहा घरं फिरलो. सहाव्या घरातून बाहेर पडताना बायको म्हणाली, "आता जिथं मिळंल तिथून मी हलणार न्हाई. तुम्ही हिंडा कुठंबी." माझ्यासारख्या माणसाशी संसार करणाऱ्या बाईची एवढीच मागणी होती, की एका जागी राहायचं आणि तिथल्या माणसांनी आपल्याला आपलं म्हणायचं.

सातवं घर अक्काचं. गंज बाजाराजवळ रस्त्याकडेला एक गाळा, मागं दोन खोल्या, आणि भिंतीपलीकडं अक्का एकटी. नवरा वारलेला, मुलगा उदगीरला अडतीवर. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. तिनं आडनाव विचारलं, आम्ही सांगितलं, तिनं आम्हा दोघांना खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली, "दुकानात लई दणदण करायची न्हाई. दुपारी मी झोपते." एवढ्यावर खोली मिळाली. मला ती मास्तर म्हणायची. मात्र दोन वर्षांत आमच्या घरचा चहा तिनं कधी घेतला नव्हता. बायको दर सणाला विचारायची आणि अक्का दर सणाला म्हणायची, "आत्ताच झाला बघ."

दुकान चाललं म्हणायला चाललं. पहिल्या वर्षी कवायतीचे ढोल गेले, दोन हार्मोनियम गेल्या. मग पावसानं पाठ फिरवली आणि लोकांनी लग्नंसुद्धा पुढं ढकलली. हवा इतकी कोरडी, की टांगलेल्या ढोलक्यांची कातडी आपोआप ताणली जायची आणि एखादी भर दुपारी फट्‌कन फुटायची. गिऱ्हाईक आलं वाटून मी दचकून उठायचो. अक्का भिंतीपलीकडून विचारायची, "गेली का आनखी एक?"

त्यामुळं पोट खरं ऑर्केस्ट्रावरच होतं. माझी गिटार हैदराबादहून जुनी आणलेली. तिला खोळ आईनं गोधडीची शिवून दिली होती. एसटीत कंडक्टर ती खोळ चाचपून बघायचा आणि म्हणायचा, "ह्याचं अर्धं तिकीट लागंल, लई लांबडं हाय." स्पीकरचा खोका कपाटं बनवणाऱ्या सुताराकडून करून घेतलेला, त्यामुळं तो दिसायचाही कपाटासारखा. टेम्पोत त्यावर तिघं बसत. व्होल्टेज उतरलं की त्यातून मधमाश्यांसारखी घूं सुरू व्हायची आणि ती कमी करायला मी खोक्याला लाथ मारायचो. लाथेनं काही होत नसे, पण माझं समाधान व्हायचं.

खरं दुखणं तारांचं होतं. बासच्या तारा जाडजूड, वरून बारीक तार गुंडाळलेली. त्या वळशांत घाम, धूळ, मळ जाऊन बसतो आणि तारा मरतात. आवाज बद्द होतो, पोतं बडवल्यासारखा. नव्या तारा मुंबईहून मागवाव्या लागत, आणि त्या उन्हाळ्यात ते शक्य नव्हतं. आमच्या धंद्यात यावर एक उपाय आहे. तारा काढून वेटोळं करायचं, खायचा सोडा टाकलेल्या पाण्यात दहा मिनिटं खळखळ उकळायच्या आणि उन्हात वाळवून परत चढवायच्या. चार-सहा कार्यक्रम तरी त्या नव्यासारख्या बोलतात. फक्त पाणी गोडं लागतं. हापशाच्या मचूळ पाण्यात मी एकदा उकळल्या होत्या, तर दोन दिवसांत गंजून लाल झाल्या.

आमच्या पार्टीचा मालक नांदेडचा, अकॉर्डियन वाजवायचा. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम सुरू व्हायच्या तोंडावर त्यानं मला बाजूला घेतलं. "मियां, तुझ्या बासात जान न्हाई राहिली. रेणापूरला बघतो मी. न्हाईतर तो नवा कीबोर्डवाला हाय ना, डाव्या हातानं बास वाजवतो. एका माणसाचं जेवण वाचंल." हसत म्हणाला, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

रेणापूरच्या कार्यक्रमाचा दिवस. टँकर दर चार दिवसांनी यायचा आणि नेमका त्या सकाळी येऊन गेला होता. आमच्या वाट्याला दोनच घागरी आल्या. त्यातली एक आमची जर्मनची, आणि दुसरी अक्काची, तांब्याची, चिंचेनं घासलेली लखलखीत. अक्काचा गुडघा सुजला होता. तिच्याकडं पाणी भरणारी बाई रोजगार हमीच्या कामावर निघून गेली होती. बायको रांगेतून आली तेव्हा तिचा चेहरा काही वेगळाच दिसत होता. तिनं घागर चुलीपाशी ठेवली, वर धुतलेलं फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "काल अक्कानं सोताहून घागर दिली. म्हनाल्या, तूच आण बाई, पूजेला अन् प्यायला. त्या दुपारी पावण्याकडून येतील, मी मधल्या सुट्टीत येऊन नेऊन देते. तुम्ही हात लावू नका." मी हूं म्हणालो. मी तारा सोडवत होतो.

ती कचेरीत गेली. आमच्या घागरीतलं पाणी स्वयंपाकाला आणि चार दिवसांना पुरवायचं होतं. त्यात हात घातला तर ती लगेच ओळखणार. आणि शेजारी ती भरलेली घागर. मी स्वतःला सांगितलं, दोन तांबे काढले तर काय कळतंय. दोनाचे चार झाले, कारण पातेलं मोठं होतं. तारा उकळल्या, पाणी काळपट झालं, वर मळाचा तवंग आला. मला तो तवंग बघून आनंदच झाला, एवढी घाण निघाली म्हणून. मग घागरीकडं बघितलं. पातळी चांगली चार बोटं उतरलेली. मी हापशावर गेलो, चार तांबे मचूळ पाणी आणलं, घागरीत ओतलं आणि फडकं होतं तसं बांधलं. तारांना गोडं पाणी दिलं आणि अक्काला खारं. असं मी तेव्हा मनाशी म्हटलं नाही. आता म्हणतो.

मधल्या सुट्टीत बायको आली आणि घागर कमरेवर घेऊन पलीकडं गेली. मी गाळ्यात तारा चढवत होतो. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. अक्कानं तिला बसायला सांगितलं. पूजेची भांडी वाजली. मग बऱ्याच वेळानं अक्कानं तांब्या तोंडाला लावला असावा, कारण ती ठसकली.

"पाणी कुठलं गं हे?"

"टँकरचं, अक्का. माझ्या हातानं भरलंय."

"हापशाचं लागून राहिलं."

"न्हाई वो. शपथ घेते. दोन तास रांगेत व्हते मी."

"असंल बाई," अक्का म्हणाली. तांब्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

बायको परत आली ती सरळ स्वयंपाकघरात. पातेलं मी मोरीत ओतलं नव्हतं, काळं पाणी तसंच होतं. ती दारात येऊन उभी राहिली. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि ते तिथंच संपलं असतं. ती हळू म्हणाली, "तुम्ही जाऊन सांगा त्यांना."

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर नवऱ्यावर ढकलते म्हनतील. तुम्ही सांगा."

एवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी गिटार खोळीत घातली आणि म्हणालो, "आल्यावर सांगतो."

रेणापूरला माझा बास असा वाजला, की पहिल्या गाण्यालाच ढोलकीवाल्यानं वळून बघितलं. खालच्या तारेचा सूर स्टेजच्या फळ्यांतून पायांत चढत होता. उस्ताद अकॉर्डियनवरनंच ओरडला, "आता बोलला!" मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा लोकांना ऐकू गेलो. आणि प्रत्येक सुराला मला अक्काचा ठसका ऐकू येत होता. खुशीत आलेल्या उस्तादानं मला तसंच पुढच्या दौऱ्यावर नेलं, देगलूर, मग किनवट. मी घरी जाऊन येतो म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा हिंडणं सोपं होतं. किनवटला वसतिगृहाच्या मैदानात मुलं गिटारीभोवती जमली आणि मास्तर, मास्तर करू लागली, तर अक्काची हाक आठवून मी गिटार खोळीत घातली.

आठव्या दिवशी लातूरला उतरलो. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता आणि रांगेत अक्का होती. गुडघ्याला चिंधी बांधलेली, एक हात भिंतीला, पुढ्यात तांब्याची घागर. तिच्यामागं पाच-सहा बायका सोडून माझी बायको. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या.

मी खोका दुकानात टाकला आणि अक्का घरी यायची वाट बघत तिच्या दारात उभा राहिलो. ती आल्यावर सगळं सांगितलं. तारा, सोडा, चार तांबे, हापसा. सांगताना घशाला कोरड पडली, पण पाणी मागायची सोय नव्हती.

अक्कानं घागर उतरवली. गुडघा चोळत खाली बसली. मला वाटलं, खोली सोडा म्हणेल.

"पान्याचं जाऊ द्या मास्तर," ती म्हणाली. "म्या म्हनलं, चांगलं पानी आपल्याला ठेवून मला हापशाचं देऊन राहिली. ती शपथ घेत व्हती. आठ दिस म्या तिला खोटी समजले, तिच्या घरात न्हाई गेले, बोलले न्हाई. तुम्ही तिला खोटी पाडून गाणी वाजवत हिंडलात."

तिनं आत तोंड करून डोळे पुसले, का भस्म नीट केलं, मला कळलं नाही.

अक्का बायकोशी काय बोलली, ते मला दोघींनीही सांगितलं नाही. चार दिवसांनी, टँकरच्या सकाळी उठलो तर आमच्या उंबऱ्यावर तांब्याची घागर रिकामी ठेवलेली होती. बायको कचेरीच्या साडीत तयार होती. तिनं घागर उचलली आणि माझ्या हातात दिली.

"आज तुम्ही भरा. अन् नेऊनबी तुम्हीच द्या."

"दहा वाजता टेम्पो येणारय. निलंग्याला लग्न आहे."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

रांगेत सगळ्या बायका. एकीनं विचारलं, "मास्तर, बाईल आजारी हाय का?" मी नाही म्हणालो. टँकर नेहमीसारखा उशिरा आला. पाईप लावला, पाईप निसटला, भांडणं झाली. दहा वाजता टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. उस्तादानं काच खाली केली, मला बघितलं, घागरीकडं बघितलं आणि हॉर्न दिला. मग परत दिला. मागच्या बाजूला कीबोर्डवाला बसला होता, मांडीवर त्याची पेटी. माझे पाय वळवळत होते. इतके, की आवळून उभं राहावं लागलं. मी हातानं जा म्हणून सांगितलं. उस्ताद काहीतरी बोलला, ऐकू आलं नाही, आणि टेम्पो निघून गेला.

त्या पार्टीनं मला परत बोलावलं नाही. पण ते कळायला पुढचे काही महिने जायचे होते. तेव्हा माझ्यापुढं सहा घागरी होत्या. रांग सरकली तशी मी अक्काची घागर पायानं पुढं ढकलायला गेलो, तर मागची बाई म्हणाली, "पाय लावू नका, पूजेची हाय." मी खाली वाकलो आणि दोन्ही हातांनी ती उचलून पुढं ठेवली.