एका मतापुरती सुट्टी

आमच्या चुलत्यांना समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे काही तापाचा दवाखाना नव्हे, की सलाईन लावलं आणि दोन दिवसांत माणूस केळी खात घरी! पण चुलते पडले गावच्या सोसायटीचे चेअरमन. चेअरमन माणसाला कोण काय समजावणार?

धाकट्या भावाला बीडच्या केंद्रात मीच भरती केलं होतं. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरीत नुसते दगड, रान पडीक. भावजय लेकरं घेऊन तिच्या भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला निघून गेली. जाताना मला सांगून गेली, "अक्का, ते सुधारले तरच मी घरी येईन. न्हाई तर माहेरीच उतरते." ती उगाच बोलणाऱ्यातली नाही. त्याचा संसार या केंद्रावर येऊन टांगला होता.

केंद्रातले त्याचे पहिले दिवस फार वाईट गेले. हात थरथरायचे, अन्न पोटात ठरायचं नाही, भिंतीवर कुणीतरी चालतंय म्हणून ओरडायचा. मग हळूहळू जेवायला लागला, गालावर जरा मांस आलं. मला वाटलं, सुटलो बाई! तर तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "ताई, अंगातून दारू गेलीय, डोक्यातून नाही. खरं काम आत्ता सुरू होतंय. आणि घरचे लोक नेमके आत्ताच माणसाला घेऊन जातात." मी म्हणाले, आमच्यात असं येडं कुणी नाही. बोलून गेले खरी.

त्याच आठवड्यात चुलते जीप घेऊन हजर. सोसायटीची निवडणूक होती. सोसायटीत होतं काय म्हणता? रिकामं गोदाम आणि एक मोडका वजनकाटा! खत नाही, बी नाही, पेरायला ओल नाही. पण चेअरमनकीसाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. माझा भाऊ सभासद, म्हणजे त्याचं मत लाखमोलाचं. एरवी तो गटारीत पडलेला असायचा, तेव्हा याच चुलत्यांची जीप बाजूनं निघून जायची.

"एवढा गुबगुबीत झालाय म्हणं गडी! आता कावून कोंडलंय?" चुलते म्हणाले. "मतदान झालं की परत आणून सोडतो. माझा शबुद हाय."

"काका, सकाळच्या पारी तुमच्याच तोंडाला वास येतोय," मी म्हणाले.

"लई बोलाय लागलीस! सही कर."

भरती करणाऱ्यानं सही केल्याशिवाय केंद्रातून माणूस मधेच सोडत नव्हते. माझ्या सहीवाचून जीप हलेना. तेवढ्यात आतून भाऊ आला. केस विंचरलेले, हातात पिशवी. कुणी सांगितलं देव जाणे!

"अक्का, जातो ना गं. काकांचं मन कशाला मोडायचं?"

सगळ्या जगाचं मन सांभाळायचं याला, बायको तेवढी सोडून! मी तोंड उघडणार, तोच त्यानं विचारलं, "काका, थांबायचं कुठं?"

"मांजरसुंब्याला, ढाब्यावर. सगळे सभासद तिथंच हायेत. समोरच्या पॅनलनं फोडू नयेत म्हणून मतदानापर्यंत कुणाला हलू देत न्हाई. मटण शिजाय घातलंय."

"आन् अजून काय हाय?"

चुलते हसले. "आता इलेक्शन म्हणल्यावर..."

भावानं पिशवी खाली ठेवली. त्याला घाम फुटला होता. माझ्या जवळ येऊन घाईघाईनं म्हणाला, "अक्का, आता मी किती बी म्हणलो तरी सही करू नको." आणि आपल्या पायानं आत गेला. समुपदेशक बाईंनी दाराला कडी घातली.

मला वाटलं, मिटलं. चुलत्यांनी ड्रायव्हरला जीप सुरू करायला लावली. तो आवाज ऐकला आणि भाऊ खिडकीच्या गजांना येऊन लटकला.

"अक्का, कर सही! कर ना गं! काका, थांबा!"

मग तो रडायला लागला. मग शिव्यांवर आला. माझा संसार तूच मोडलास म्हणाला, तुझं वाटोळं होईल म्हणाला. चुलते जीपमधून उतरले आणि पेन माझ्यापुढं धरून म्हणाले, "बघ, लेकरू कसं रडतंय. काळीज हाय का दगड?"

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. खिडकीतून तो मला आईवरून शिव्या देत होता. आई आमची दोघांची एकच, तेवढंही भान नव्हतं त्याला. मला हुंदका आवरेना. पण हात काही बाहेर काढले नाहीत.