हरिणीची चिठ्ठी

आप्पा गेल्याची बातमी मला सहा दिवसांनी कळली. चाकणला आमच्या दारात म्हादबा उभा होता, टोपी हातात, पायांवर रस्त्याची धूळ. आप्पांकडचा हा पुनावळ्याचा म्हातारा हमाल दोन एसट्या बदलून माझ्या दारात आला म्हणजे काय झालं असणार, ते मला त्याला बघताक्षणीच कळलं होतं. तरी मी आपली "या, बसा, पाणी घ्या, घरचे बरे आहेत ना" असं काहीबाही बोलत राहिले. बातमी जितका वेळ बाहेर ताटकळेल तितकी बरी, असं वाटतं माणसाला. म्हादबा शांतपणे पाणी प्यायला, त्याने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मालक गेलं. झोपंतच गेलं. तुमचा पत्ता कुनालाच ठावा न्हवता. शाळंतल्या मास्तरांची बायकू, असं इचारत इचारत आलो." मी रडले नाही. मला पहिली आठवली ती चिंच... आणि त्याची मला फार लाज वाटली.

आप्पा टिळेकर लिलाव करायचे. लिलाव म्हटलं की लोकांना जप्ती आठवते, दारात वाजणारी दवंडी आठवते. आप्पांचा लिलाव तसला नव्हता. साठ-बासष्ट सालानंतर पिंपरीपासून आकुर्डीपर्यंत कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग साहेबलोकांचे बंगले आले. साहेबाची बदली झाली, तो निवृत्त झाला किंवा वारला, की बंगल्यातलं जुनं सामान आप्पांकडे यायचं. चांदीचे काटे-चमचे, चावीची घड्याळं, ब्राँझचे पुतळे, मेणबत्त्यांची झाडं. चिंचवड स्टेशनच्या मागे धान्याचं एक जुनं गोदाम होतं, तिथे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते सगळं टेबलांवर मांडलं जायचं. गोदामाला लागूनच आप्पांचं घर. घ्यायला पुण्याचे हॉटेलवाले यायचे, शौकीन डॉक्टर-वकील यायचे, आणि जमिनी कारखान्यांना गेल्यामुळे हातात एकदम पैसा आलेले आमच्या भागातले शेतकरीही यायचे.

मी मॅट्रिक झाले आणि त्याच सुमाराला वडिलांच्या कंपनीत टाळेबंदी लागली. वडील टर्नर होते. त्यांना घरी बसून राहण्याची सवय नव्हती, आणि घराला त्यांना बसलेलं बघण्याची. माझं अक्षर चांगलं, एवढ्या एका भांडवलावर आप्पांनी मला ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर चांदीच्या पात्यांची एक पेटी उघडली आणि म्हणाले, "लिही, काय आहे?" मी बराच विचार करून लिहिलं, 'लोणी लावायच्या मोठ्या सुऱ्या, नग बारा.' आप्पांनी ते वाचलं. म्हणाले, "छान. आता हे मासे खाणाऱ्याला सांगू नकोस, तो उपाशी राहील." त्या मासे खायच्या सुऱ्या होत्या. आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता, आणि मासा खायला वेगळी सुरी लागते हे माहीत असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

आप्पांची एक रीत होती, आणि तिच्यावर त्यांचं सगळं दुकान उभं होतं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली असायची. तिच्यावर चार ओळी. वस्तू, कुठून आली, दोष, आणि चौथी ओळ दोष सांगणाऱ्याच्या सहीची. मालकाने दोष सांगितला तर मालकाची सही, आप्पांना दिसला तर आप्पांची, मला दिसला तर माझी. सही नसलेली वस्तू टेबलावर चढायची नाही. बोली सुरू करताना आप्पा आधी दोष वाचायचे. "घड्याळ विलायती आहे, पण आतली स्प्रिंग इथली आहे. तासाला टोले बरोबर देतं, अर्ध्याला विसरतं." लोक हसायचे, "आप्पा, विकताय का मोडताय?" मग एखादा भोसरीकडचा शेतकरी मागून म्हणायचा, "टोलं देतंय न्हवं? मग बास की. माजी म्हातारी बी अर्धं इसारती." आणि घड्याळ त्याच्या घरी जायचं. आप्पा मला सांगायचे, "दोष आधी सांगितला की माणूस वस्तू घेतो. मागून कळला की तो आपल्याला घेतो, गचांडी धरून." एकदा म्हादबाच्या हातून एका घड्याळाची काच तडकली. त्याने स्वतःच चिठ्ठी मागून घेतली आणि चौथ्या ओळीवर अंगठा उठवला. आप्पा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणजे त्या घरात चूक कबूल करणं इतकं स्वस्त होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात मला भीतीची ढाल घेता येऊ नये.

बांगलादेशच्या लढाईच्या आदल्या वर्षी निगडीच्या पुढच्या एका बंगल्यातलं सामान आलं. साहेब वारले होते, त्यांच्या बाई मुंबईला भावाकडे निघाल्या होत्या. तसलं सामान आप्पांकडे त्याआधी आलं नव्हतं. चांदीचा अख्खा संच, तीन घड्याळं, आणि ब्राँझची एक हरिणी. वीतभर उंचीची, मान खाली घालून पाणी पिणारी, एक पाय किंचित उचललेला, जणू आवाज झाला तर पळेल. रंग काळसर तपकिरी. तिची चिठ्ठी मीच लिहिली होती. दोषाच्या ओळीत आप्पांनी 'काही नाही' असं सांगितलं आणि सही स्वतः केली. असं मी एकदाच बघितलं.

लिलाव दसऱ्यानंतर, महिन्याच्या शेवटच्या रविवारी होता, आणि मधे आली खंडेनवमी. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी लेथला, प्रेसला, ड्रिल मशीनला हार चढतात. घरात विळी-अडकित्त्यापासून झाडून सगळं लोखंड-पितळ घासूनपुसून पाटावर बसतं. वडिलांच्या कंपनीच्या फाटकाला त्या वर्षीही कुलूप होतं, म्हणून त्यांनी घरातल्याच पान्यांची पूजा मांडली होती. आप्पा आणि म्हादबा टेम्पो घेऊन बंगल्यातली शेवटची खोकी आणायला गेले होते. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीने, मला समई आणि चांदी तोलायचा तराजू घासायला दिला. चिंच म्हादबाने सकाळीच आपल्या परड्यातून आणून दिली होती. चिंच आणि राख. समई झाली, तराजू झाला, आप्पांची लिलावाची पितळी घंटी झाली. वाटीत चिंच उरली. आणि समोर टेबलावर ती हरिणी, मला वाटलं, किती वर्षांची काजळी अंगावर घेऊन उभी आहे बिचारी. साहेबाच्या नोकरांना कामाचा आळस, दुसरं काय! सणाच्या दिवशी ही एकटीच का काळी राहावी? मी तिला अंगणात नेलं आणि अर्धा तास मन लावून घासलं. शिंगं नव्हती म्हणून बरं, नाहीतर तीही घासली असती. ती सोन्यासारखी लखलखायला लागली तेव्हा मला इतका आनंद झाला होता... तो आनंद मला अजून आठवतो, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

ब्राँझचा तो काळसर रंग म्हणजे मळ नव्हे, तो घडवणाऱ्याने दिलेला असतो आणि वर्षांनी पिकवलेला असतो, तोच जाणकार लोक बघतात, हे मला आप्पांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते दारातच थांबले. त्यांच्या मागून बंगल्याच्या बाई आल्या होत्या, मांडणी बघायला म्हणून. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हरिणीच्या पाठीवरून एक बोट फिरवलं, ते बोट बघितलं, आणि विचारलं, "कोणी केलं?" गोदामात आम्ही चौघं होतो. म्हादबा खाली बघत म्हणाला, "म्या न्हाई हात लावला, बाईसाहेब." माझी नखं राखेने काळी झाली होती. मी हात पदराखाली घेतले. आप्पांनी माझ्या पदराकडे बघितलं, असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "माझ्या छपराखाली झालं, बाई. मीच केलं म्हणा."

बाईंनी चांदी आणि घड्याळं परत खोक्यांत भरायला लावली आणि मुंबईला नेली. हरिणी मात्र टेबलावरच सोडून गेल्या; म्हणाल्या, ही आता माझ्या घरातली राहिली नाही. ही गोष्ट बंगल्याबंगल्यांतून फिरली. त्यानंतर आप्पांकडे तसलं सामान कधी आलं नाही. हळूहळू टेबलांवर लोखंडी कपाटं आली, पंखे आले, शिवणयंत्रं आली. आप्पा त्यांचेही दोष आधी वाचायचे. हे हमालाचंच काम असणार असं धरून बाजारातले लोक म्हादबाला चिडवायचे, "काय म्हादबा, आज चिंच आनलीस का न्हाई?" तो हसायचा आणि ओझं उचलायचा. मी चिठ्ठ्या लिहीत बसलेली असायचे. नोकरी गेली तर घरात चूल कशी पेटेल, असं मी पहिल्या महिन्यात स्वतःला सांगत होते. पुढे वडिलांच्या कंपनीचं फाटक उघडलं, ते कामावर गेले, आणि माझं कारण संपलं. तरी मी बोलले नाही. शिळी झालेली कबुली द्यायला ताजीपेक्षा जास्त धीर लागतो, आणि तो माझ्यात नव्हता. मी भित्री होते, एवढंच खरं.

लग्न ठरलं तेव्हा मी काम सोडलं. शेवटच्या दिवशी आप्पांनी मला साडी दिली, काकूंनी ओटी भरली. मी पाया पडले. आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "सुमन, काही राहिलं तर नाही ना?" मी म्हटलं, "नाही आप्पा, सगळ्या चिठ्ठ्या लिहून झाल्या." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ मी चाकणच्या घरात कितीदा लावला असेल, आणि कितीदा अर्धवट टाकून उठले असेन. पुढे दोनदा त्यांना भेटले, त्यांच्या नातवाच्या बारशाला आणि काकू गेल्या तेव्हा. दोन्ही वेळी घरात माणसं होती. माणसं आहेत हे बघून मला बरं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात, आप्पांना जाऊन महिना-सव्वा महिना झाल्यावर, मी चिंचवडला गेले. आप्पांची सून मीनल गोदाम रिकामं करत होती, म्हादबा हाताखाली होता. कपाटं गेली होती, टेबलं गेली होती. आप्पांच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खुर्ची, आणि खुर्चीसमोरच्या फळीवर हरिणी. मी तिला ओळखलंच नाही आधी. इतक्या वर्षांत तिच्यावर कोणी फडकंसुद्धा फिरवलं नव्हतं. पाठ तपकिरी झाली होती, पोटाखाली काळसर. फक्त कानांच्या टोकांना अजून थोडी पितळी चमक होती. मीनल म्हणाली, "ताई, हिचं काय करायचं तेच कळत नाही. मी दर दिवाळीला घासते म्हणायचे, तर बाबा हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तिचा रंग तिचा तिला येऊ दे. आणि विकायचीही नाही. का, तर म्हणे सही व्हायची राहिली आहे तिची. कोणाची ते कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे का, कोण ते?"

मी चिठ्ठी उलटून बघितली. माझ्या अक्षरातली जुनी चिठ्ठी नव्हती ती. आप्पांनी नवी बांधली होती, आपल्या किरट्या अक्षरात. वस्तू : हरिणी, ब्राँझ. कुठून आली : निगडीचा बंगला. दोष : खंडेनवमीला घासली, मूळ रंग गेला. चौथी ओळ कोरी होती. दिसलेल्या दोषावर सही करायला एरवी कधी मागेपुढे न बघणाऱ्या माणसाने ही एक ओळ तेवढी स्वतः भरली नव्हती. ती माझी होती. तिथे बसून, त्या खुर्चीत, ते किती वर्षं वाट बघत राहिले... आता रडू आलं. मीनल पाणी आणायला धावली.

पाणी प्यायल्यावर मी पर्समधून पेन काढलं आणि चौथ्या ओळीवर सही केली. 'सुमन जगदाळे', लग्नाआधीच्या नावाची, कारण घासली तेव्हा मी तीच होते. म्हादबाला वाचता येत नाही, म्हणून सगळी चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली, सहीसकट. तो दारात पोतं घेऊन उभा होता. "म्हाईत हाय, ताई," तो म्हणाला. "चिंच माझीच व्हती न्हवं." मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? लोक तुम्हाला नाही नाही ते बोलत होते." त्याने पोतं खांद्यावर घेतलं. "माजी सही न्हवती ती," म्हणाला आणि गेला.

मीनलने चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. मग हरिणीकडे बघत, जरा चाचरत तिने विचारलं, "म्हणजे आता विकायला हरकत नाही ना, ताई?"

मी हरिणीच्या उचललेल्या पायावर एकदा बोट ठेवलं. म्हटलं, "नाही. फक्त घेणाऱ्याला दोष आधी सांग."