बकरीसाठी नेलेल्या साली

दोहातल्या अल मन्सूरात आमच्या इमारतीच्या खाली ज्यूसचं दुकान होतं. दुकानदार केरळचा, पन्नाशीचा माणूस. दिवसभर तो डाळिंबं सोलायचा आणि साली मागच्या दाराशी पिंपात टाकायचा. त्या साली मला हव्या होत्या, पण मागायचा धीर होत नव्हता. दोन दिवस मी रिकामी पिशवी घेऊन दुकानावरून गेले आणि तशीच परत आले. तिसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, "क्या चाहिए, बहन?"

मी पिंपाकडे बोट दाखवलं.

त्याने सालींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बकरी पाला है क्या?"

मी हो म्हणून मान हलवली. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बकरी कुठे बांधणार, हे त्याच्याही मनात आलं असेल. पण त्याने पिशवी गच्च भरून दिली. त्यानंतर मी गेले की तो विचारायचा, "बकरी कैसी है?" मी म्हणायची, "ठीक है." दोहाला येऊन मला तीन वर्षं झाली होती. परक्या पुरुषाशी माझं तेवढंच बोलणं होत असे.

साली आमच्या ह्यांच्यासाठी होत्या. ते एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. मी येण्याआधीच त्यांना साखर लागली होती. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. त्या वर्षी दवाखान्यात सांगितलं, तीन महिन्यांत आकडा खाली आला नाही तर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल. त्यांनी ते हसत सांगितलं. मला मात्र वडील आठवले.

माझ्या वडिलांना साखर होती. रत्नागिरीकडे आमच्या गावात त्यांच्या पायाच्या बोटाला करवंटी लागली आणि ती जखम भरलीच नाही. सुई सुरू झाली. मग बोट काढलं, मग पाय, आणि वर्षाच्या आत ते गेले. सुई आणि मरण माझ्या मनात एकापाठोपाठ एक बसलं होतं. सुई आधीच सुरू झाली असती तर कदाचित पाय वाचला असता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "डाळिंबाची साल उकळून दे गो त्याला. खाडीपलीकडच्या बाईची साखर त्यानेच उतरली. मी तिला माझ्या डोळ्यांनी बघितली, टुणटुणीत हाय."

मी साली गच्चीवर जुन्या ओढणीखाली वाळवल्या. तिथल्या उन्हात दोन दिवसांत त्या चपलेच्या चामड्यासारख्या कडक व्हायच्या. मग खलबत्त्यात कुटायच्या, दोन कप पाण्यात चमचाभर पूड घालून एक कप उरेपर्यंत उकळायचं. असा काढा सकाळी एक कप, संध्याकाळी एक. रंग गडद तपकिरी, चव अशी तुरट की जीभ टाळूला चिकटते. मी आधी स्वतः पिऊन पाहिला होता.

आठ दिवस त्यांनी घेतला. नवव्या दिवशी कप सरकवून म्हणाले, "ह्याच्यात चामडं कमावतात गो. माणूस नाय."

मी कप उचलून आत नेला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या सुलेमानीत, म्हणजे कोऱ्या चहात, तो काढा मिसळू लागले. वर लिंबू पिळायची. ते म्हणाले, "पत्ती बदललीस?" मी म्हटलं, "हो." नवऱ्याशी मी बोललेलं ते पहिलं खोटं.

माझ्या दिराने साखर मोजायचं यंत्र आणून दिलं होतं. तो जवळच राहायचा. रोज सकाळी हे बोट टोचायचे आणि आकडा सांगायचे. मी तो शाळेच्या वहीत लिहायची, आणि पुढे सालीची पूड किती घातली तेही. वहीत ते कधी डोकावत नसत. आकडा थोडा खाली आला, मग परत चढला, मग थोडा खाली आला. खाली आलेला आकडा मी गिरवून जाड करायची.

मग रमजान आला. डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हणून सांगितलं होतं. दीरही म्हणाला, "भाई, आजाऱ्याला माफी हाय."

"मी काय आजारी दिसतो?" हे म्हणाले. "तू सहरीला उठ आधी, मग मला शिकव."

आता दिवसभर काही देता येणार नव्हतं. म्हणून मी दोन्ही वेळच्या पुडीचा काढा एकदम पहाटे, सहरीच्या चहात घालू लागले. एका चमच्याचे दोन केले. त्यांनी गोळ्यांचं काय केलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. गोळ्या त्यांच्या शर्टाच्या खिशात असत.

दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी ते जुम्म्याची नमाज पढून आले आणि आडवे झाले. दुपार उतरता असरची अजान झाली तशी मी उठवायला गेले. उशी घामाने भिजली होती. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. "आई, होडी आली काय?" असं काहीतरी बोलत होते. हात थरथरत होते.

हे मी पाहिलेलं होतं. सुईनंतर वडिलांना असं झालं की आई त्यांच्या तोंडात साखर घालायची. मी वाटीत साखर कालवून आणली आणि बोटाने त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी तोंड मिटून घेतलं. तेवढं मात्र त्यांना कळत होतं.

"रोजा हाय," ते म्हणाले.

मगरिबला, म्हणजे रोजा सुटायला, अजून अडीच तास होते. मी एक क्षण थांबले. मग त्यांची हनुवटी धरली आणि बोट आत घालून हिरड्यांना साखर चोळली, पुन्हा चोळली. त्यांनी माझं बोट चावलं. मी काढलं नाही. मग दिराला हाक मारायला धावले.

हॉस्पिटलात सलाइन लावलं. डॉक्टर मलबारी, तरुण, घाईत होते. त्यांनी दिराला हिंदीत विचारलं, काय काय औषध चालू आहे. दिराने गोळीचं नाव सांगितलं.

"और कुछ? कोई देसी दवा?"

"नहीं, डॉक्टरसाब. कुछ नहीं."

मी दिराच्या मागे उभी होते. वही पिशवीत होती. गप्प राहिले तर कुणाला कळणार नव्हतं. खाटेवर ते डोळे मिटून पडले होते आणि सलाइनचे थेंब पडत होते. डॉक्टरांना अर्धंच कळलं तर ते इलाज अर्ध्याचाच करतील, एवढं मला समजत होतं. चौथी शिकलेलीलाही ते समजतं.

"मैंने दिया," मी म्हटलं.

दीर वळला. डॉक्टर पेन धरून थांबले. मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली आणि परत माझ्या हातात दिली. आकडे मराठीत होते, त्यांना वाचता येईनात.

"आप पढ़िए."

त्या खोलीत आणखी दोन खाटा होत्या, नर्स होती, दीर होता. मी वाचलं. तारीख, साखर, साल. पुटपुटल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, "ज़रा ज़ोर से." मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. पहिल्या रोज्याच्या पानावर आले तेव्हा माझ्याच लक्षात आलं, आकडा त्या दिवसानंतर घसरत गेला होता. दोन चमचे त्याच दिवसापासून होते.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. ह्यांनी डोळे उघडले होते. "गोळ्यापण," ते म्हणाले. "दोन्ही सहरीलाच घेत होतो. दिवसा घेता येत नाय म्हणून."

दोघांनी एकच विचार केला होता आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, सालीमुळे झालं का. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि हळू बोलले. गोळी शरीरात काय करते आणि किती करते, ते मला माहीत आहे, म्हणाले. तिच्यावर माप लिहिलेलं असतं. सालीतही काही असेल. प्रयोगशाळेत तिचा अर्क काढून उंदरांना देतात, असं वाचलंय. उद्या त्याचं औषध होईलही. पण तुमच्या चमच्यात ते किती होतं, हे मी सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू शकत नाही. उपाशीपोटी दोन गोळ्या एवढंही पुरेसं आहे. साल त्यात किती, अल्ला जाणे.

मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, "ये बंद मत करना. छिलका बंद, किताब चालू." आणि जे घेतलं ते ह्यांनी सांगायचं, जे दिलं ते मी लिहायचं. काही दिलं नाही तरी 'नाही' असं लिहायचं.

घरी आल्यावर ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. चोरून चहात घातलं म्हणून, की रोजा मोडला म्हणून, मी विचारलं नाही. राहिलेले रोजे त्यांनी धरले नाहीत. पाचव्या दिवशी बोट टोचलं, आकडा सांगितला आणि म्हणाले, "एक गोळी घेतली. लिही." मी लिहिलं. पुढे माझ्या नावाने लिहिलं, 'नाही'. ईदनंतर सुईही सुरू झाली. ती मीच द्यायला शिकले.

वर्षभराने आम्ही दोघं ज्यूसच्या दुकानावरून जात होतो. दुकानदाराने हाक मारली, "बहन, बहुत दिन हुआ. बकरी कैसी है?"

माझी मान खाली गेली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिंपातल्या सालींकडे पाहिलं. त्यांना सगळं उमगायला थोडा वेळ लागला. मग दुकानदाराला म्हणाले, "अच्छी है. अब ये नहीं खाती."

जिना चढताना ते मध्येच थांबले. "त्या दिवशी मी रोजा हाय म्हटलं होतं काय?"

"हो."

"तरी घातलीस."

"घातली."

ते कठड्याला धरून उभे राहिले. दोन्ही पाय पायरीवर नीट टेकलेले होते. मी त्यांच्याकडेच बघत होते.

"चल," ते म्हणाले. "चहा कर. नुसता."