आमच्या गल्लीचे ठोके

घड्याळकाकू समोरून येताना दिसल्या, की आमच्या गल्लीतली माणसं नमस्कार करण्याआधी बाही वर सारायची. पोरंटोरं, म्हातारी माणसं, दूधवाला, फार काय, नुकताच पाहुणा म्हणून आलेला एखादा जावईसुद्धा. काकूंची रीतच तशी होती. "कसे आहात?" हा प्रश्न त्या तोंडाला विचारायच्या आणि उत्तर मनगटाकडून घ्यायच्या. "बरा आहो" असं कोणी म्हटलंच, तर म्हणायच्या, "तोंड त काईही सांगते. हात दाखव."

काकू डॉक्टर नव्हत्या की नर्स नव्हत्या. माहेर हिंगणघाटचं, शिक्षण जेमतेम, आणि सारा जन्म स्वयंपाक, पापड-कुरड्या आणि शेजाऱ्यांची उठाठेव यांत गेलेला. त्यांच्याजवळ होतं ते पुण्याहून मुलाने पाठवलेलं एक काळं चौकोनी घड्याळ. हातात घातलं की ते ठोके मोजायचं, पावलं मोजायचं, झोप मोजायचं, आणि ही सगळी चहाडी थेट पुण्याला मंगेशच्या फोनवर करायचं. मंगेशचे बाबा एका दुपारी पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले होते. कोणाला काही कळलं नव्हतं. तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या आईची त्याने धास्तीच घेतली होती. "आई, हे हातातून काढायचं नाही," असं त्याने दहादा बजावलं, आणि काकूंनी दहादा "हो रे बाबू" म्हटलं.

आता ज्यांनी काकूंना पाहिलंय, त्यांना पुढचं सांगायलाच नको. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत पहिला फ्रीज काकूंकडे आला तेव्हा त्यात काकूंची एक पातेली आणि बाकी साऱ्या गल्लीच्या बाटल्या असायच्या. शेजारच्या गुरुजींचं इन्सुलिन आजही त्याच फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याला खेटून राहतं. पहिला कूलर आला तेव्हा मे महिन्यात अर्धी गल्ली काकूंच्या बैठकीत आडवी व्हायची, आणि उशीर करणाऱ्याला जागा मिळायची ती कूलरच्या मागे. "वस्तू एकट्यानं वापरली का रुसते," हे काकूंचं ठाम मत. मग घड्याळ तरी कसं रुसू द्यायचं?

झालं. घड्याळ गल्लीत फिरायला लागलं. सकाळी गुरुजींच्या हातात, अकराला किराणावाल्या शेठजींच्या, दुपारी माझ्या आईच्या. संध्याकाळी ते घरी परत आलं, की दिवसभराची खबर काकूंच्या फोनमधून पुण्याला जायची. एकदा देवळात भजनाला बसलेल्या काकूंच्या हातात ते थरथरलं. फार वेळ बसलात, आता उभे राहा, अशी त्यावर सूचना आली होती. काकूंनी ती आज्ञा एकटीसाठी आहे असं मानलंच नाही. "उठा वं साऱ्या, घड्याळ उठा म्हणून राह्यलं!" अभंगाच्या मधोमध अख्खं भजनी मंडळ टाळ घेऊन उभं राहिलं, आणि पुजारीबुवांना वाटलं आरती सुरू झाली. त्यांनी घंटा हाणायला सुरुवात केली. मग काय, आरती झालीच.

तिकडे पुण्यात मंगेश चक्रावला होता. गुडघे धरून जिना चढणारी आपली आई पहाटे पाचला मैदानावर धावतेय, हे त्याला फोनवर लख्ख दिसत होतं. खरं म्हणजे त्या वेळी आई छान घोरत पडलेली असायची. धावत होती ती शेठजींची लेक ज्योती, पोलीस भरतीच्या तयारीसाठी. मंगेशला इतका अभिमान वाटला, की त्याने ऑफिसात पेढे वाटले आणि आईसाठी धावायचे गुलाबी बूट पाठवले.

"आई, तू खरंच धावतेस?"

"असंच थोडंसं," काकू लाजून म्हणाल्या, आणि बूट ज्योतीला देऊन टाकले.

या साऱ्या प्रकारावर गल्लीत एकच माणूस खदखदून हसायचा. ते म्हणजे माझे बाबा. बाबांनी जन्मभर वर्धा-हिंगणघाट गाडी चालवली. हातपाय आडमाप, आवाज हॉर्नसारखा. काकूंनी "भाऊजी, हात" म्हटलं की ते दोन्ही हात पाठीमागे लपवायचे. "हा स्टेरिंगचा हात आहे वहिनी. याले मशीन काय सांगन?" काकूंना येता-जाता चिडवणं हा बाबांचा निवृत्तीनंतरचा धंदाच झाला होता. "काय म्हणते तुमचं डबडं? पाऊस केव्हा येते म्हणते?" असं कुंपणावरून ओरडायचे. काकूही कमी नव्हत्या. "तुमच्या तोंडाचे ठोके मोजले त घड्याळ फुटन," म्हणायच्या.

मग एका सकाळी पुण्याहून मंगेशचा फोन आला. मी तेव्हा काकूंच्या ओसरीवर पोहे खात होते. त्याचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता.

"आई, तू झोपून राहा. हलू नको. काल संध्याकाळी तुझे ठोके वेडेवाकडे पडत होते. पंधरा-वीस मिनिटं सलग. घड्याळानं धोक्याची खूण पाठवली आहे. मी निघालो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग एक मोठा श्वास घेतला.

"मंगेश, ते माझे नोहोत रे."

"म्हणजे?"

"काल संध्याकाळी घड्याळ माझ्या हातात नोहतं."

मग त्याने विचारलं, "मग कोणाचे आहेत?"

काकूंनी फोन खाली ठेवला. माझ्या पोह्यांची बशी उचलून आत नेली, परत आणली, पुन्हा नेली. मी त्यांना एवढं बावरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "चारू," त्या म्हणाल्या, "आपल्या गल्लीत कोनाचं तरी काळीज बिघडून राह्यलं, अन् त्याले माहीतच नाई."

अर्ध्या तासात सारी गल्ली काकूंच्या अंगणात जमली. धोक्याची बातमी कळताच जो तो आपापली छाती चाचपू लागला. शेठजींना दरदरून घाम फुटला. आईने तर आपलेच ठोके असणार असं ठरवून मला दागिने कुठे ठेवलेत ते सांगायला सुरुवात केली. चौकशीत एवढंच कळलं, की गुरुजींनी घड्याळ शेठजींच्या दुकानात दिलं, शेठजींनी ते गल्ल्यावर ठेवलं, आणि मग गिऱ्हाइकांच्या गर्दीत कोणीतरी ते उचललं आणि दिवेलागणीला परत आणून ठेवलं. कोणी, ते शेठजींना माहीत नव्हतं.

"लाइनीनं बसा," काकूंनी हुकूम सोडला. "बाह्या वर!"

एकेकाच्या हातात घड्याळ चढू लागलं. गुरुजी ठीक. शेठजी ठीक, घाम फुकट गेला. आईही ठीक निघाली, आणि मला वाटतं ती किंचित नाराज झाली. बाबा आमच्या फाटकाला रेलून हा तमाशा पाहत होते आणि हसून हसून डोळे पुसत होते. "मले नका बोलावू," ते म्हणाले, "मी त्या डबड्याले कधी हातच लावला नाई."

काकू पुढच्या माणसाच्या मनगटावर पट्टा घट्ट करत होत्या. मध्येच थांबल्या. पट्ट्याच्या भोकांवर बोट फिरवत काहीतरी आठवत राहिल्या. मग उठल्या आणि तरातरा आमच्या फाटकापाशी आल्या.

"भाऊजी, हात."

"कायले?"

"काल घड्याळ वापस आलं, तवा पट्टा शेवटच्या भोकात होता. मीच ढिला पाहून आत घेतला. येवढं मनगट साऱ्या बोरगावात एकाचंच आहे."

गल्ली खो-खो हसली. बाबा पकडले गेले होते! गुरुजींपेक्षा आपण जोरात चालतो की नाही, एवढंच त्यांना गुपचूप पाहायचं होतं, म्हणून दुकानातून घड्याळ उचलून ते नाक्यापर्यंत फिरून आले होते. तोंड पाडून त्यांनी हात पुढे केला. काकूंनी पट्टा शेवटच्या भोकात लावला आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. सगळे अजून हसतच होते. मग घड्याळ थरथरलं, आणि काकूंचा चेहरा पाहून हसणारे एकेक करून गप्प झाले.

काकूंनी पायांत चपला सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "ऑटो बोलाव."

ऑटोत बाबा सारखे म्हणत होते, "मले काई होऊन नाई राह्यलं." काकूंनी बाबांचा दुसरा हात, घड्याळ नसलेला, घट्ट धरून ठेवला होता. दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मंगेशचे बाबाई असंच म्हनत होते, भाऊजी. आनि मी त्याईचा हात कधी पाह्यलाच नाई." बाबांनी मान खाली घातली आणि ऑटो थांबताच काकूंच्या मागोमाग उतरले.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याएवढीच होती. तिने छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली आणि घड्याळाचं म्हणणं खरं ठरवलं. ठोके अनियमित होते. अशाने रक्ताची गाठ होऊ शकते, ती मेंदूकडे गेली तर अर्धांग. वेळेत आलात, आता गोळ्या नियमित घ्यायच्या, असं तिने समजावलं. मग तिने घड्याळाची मागची माहिती पाहायला काकूंचा फोन मागितला आणि वाचता वाचता तिच्या भुवया वर वर जाऊ लागल्या.

"आजोबा पहाटे पाचला पळतात? दुपारी दोनदा झोपतात? आणि हे... आजी, हे सगळं एकाच माणसाचं आहे?"

"नाई वं बाई," काकू म्हणाल्या, "हे आमच्या गल्लीचं आहे."

डॉक्टर इतकी हसली, की बाहेरची सिस्टर डोकावून गेली. मग तिने डोळे पुसून बजावलं, की हे यंत्र एकाच हातात राहिलं तरच कामाचं, आणि ते काहीही बोललं तरी खात्री दवाखान्यातच करायची. काकूंनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली. घड्याळ बाबांच्या हातात होतं, ते त्यांनी परत मागितलंच नाही.

मंगेशने मात्र या गोष्टीचा वेगळाच अर्थ काढला. आईला दुसरं घड्याळ पाठवलं तर तेही गल्लीत फिरणार, याची त्याला खात्री पटली. तेव्हा घड्याळ पाठवण्यापेक्षा आईलाच पुण्याला न्यायचं त्याने ठरवलं. काकू खूप भांडल्या, मग गुडघ्यांनी माघार घेतली. जाण्यापूर्वी त्यांनी घराची आणि फ्रीजची किल्ली गुरुजींना दिली आणि कूलर शेठजींच्या घरी हलवला. बाबांच्या घड्याळाची खबर आपल्याही फोनवर येईल अशी सोय मंगेशकडून करून घेतली.

आम्ही सारे वर्धा स्टेशनवर पोचवायला गेलो. काकूंच्या पिशवीत वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांची पाकिटं, सांडगे, आणि का कोण जाणे, गुलाबी बुटांतला एक जुना बूट होता. ज्योतीने आठवण म्हणून दिलेला. ती भरतीत निवडली गेली होती. आई रडत होती, मी रडत होते, शेठजी नाक शिंकरत होते. बाबा तेवढे मजेत होते. "जा वहिनी, जा," खिडकीशी उभं राहून म्हणाले, "आता गल्लीले जरा शांती भेटन. कोनी हात मांगनार नाई." काकू म्हणाल्या, "भाऊजी, गोळी इसरू नका." गाडी हलली. बाबा हात हलवत उभे राहिले, चेहऱ्यावर तेच मिश्कील हसू.

शेवटचा डबा फलाटाबाहेर गेला आणि माझा फोन वाजला. काकू होत्या.

"चारू, तुझ्या बाबाले बाकावर बसव. पानी पाज. गाडी सुटल्यापासून त्याईचे ठोके भलते वाढून राह्यले."

मी बाबांकडे पाहिलं. हसू तसंच होतं, पण हनुवटी थरथरत होती. आपल्या हाताकडे बघून त्यांनी गडबडीने बाही खाली ओढली.

"आनि त्याईले सांग," फोनमधून आवाज आला, "बाही खाली करून काई होत नाई. दिवाळीले येऊन राह्यली मी."