पॉइंटांच्या नादात सात क्विंटल कापूस

आमच्या नावावर एक गुंठाही शेती नाही, तरी त्या वर्षी आमच्या मधल्या खोलीत सात क्विंटल कापूस होता. हे क्रेडिट कार्डामुळे झालं.

(या दोन गोष्टींचा संबंध ज्यांना दिसत नाही, त्यांना मी दोष देत नाही. मलाही तो दिसायला बरेच दिवस लागले.)

मी तेव्हा दारव्ह्याला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. कापसाचे ते फार वाईट दिवस. भाव पडलेला, बाजार बसलेला, टपरीवर चहा घ्यायला गेलं तरी तेच बोलणं. अशा दिवसांत दर एक तारखेला पगार होणारा माणूस म्हणजे कार्ड विकणाऱ्यांना दिसणारा सर्वांत देखणा माणूस! यवतमाळला कामासाठी गेलं की कुणीतरी टायवाला मला गाठायचा आणि हातात गुळगुळीत माहितीपत्रक ठेवायचा. मी ती घरी आणायचो, आणि माझी बायको सुनंदा ती तेलाच्या डब्याखाली घालायची. तिथेच राहिली असती तर आज सांगायला काही उरलं नसतं.

पण मला एक साडू आहेत. प्रभाकरराव. नागपूरला त्यांची सिमेंटची एजन्सी. एका बारशाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी बसले आणि नुकताच केलेला विमानप्रवास त्यांनी वरणभातापासून जिलबीपर्यंत सांगितला.

"इमान वर चढते ना साडूभाऊ, तवा पोटात असा गोळा येते! पन तुमाले नाही समजनार. तुमी येष्टीवाले."

सुनंदा तेव्हा पंगतीत वाढत होती. ती आमच्या पानांसमोर जरा जास्तच वेळ थांबली. माझा पाय मांडीखाली हलायला लागला. (मी अस्वस्थ झालो की माझा पाय हलतो. त्या वर्षी तो एकदाच थांबल्याचं मला आठवतं.)

"आमीबी जाऊन राह्यलो दिवाळीले," मी म्हणालो. "अन् फुकट."

"फुकट? इमानात?"

"कार्डाच्या पॉइंटावर."

माझ्याकडे तेव्हा कार्ड नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये सुनंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, आता घरी गेल्यावर बोलणी बसणार. तर बोरी गाव मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "अजी, इमानात लोनच्याची बरनी नेऊ देते का?"

माझ्या पोटात विमान न चढताच गोळा आला. माझी बायको सहसा कुणावर विश्वास ठेवत नाही, माझ्यावर तर नाहीच. आणि आज नेमका ठेवला होता! मी "देते, देते" म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहत बसलो.

त्याच रात्री तेलाच्या डब्याखालची पत्रकं निघाली. खाली चटई टाकून मी तीन कार्डांची पत्रकं शेजारी शेजारी मांडली. लग्न जुळवताना तीन स्थळं पाहावीत तशी पाहिली. पहिलं कार्ड पेट्रोलवर पॉइंट द्यायचं. माझ्याकडे सायकल होती. दुसरं मोठ्या हॉटेलांतल्या जेवणावर द्यायचं. दारव्ह्याला बाहेर जेवणं म्हणजे बसस्टँडवरची आलुपोंडा-तर्री, आणि तो माणूस सुटे पैसे नसले तरी ओरडायचा, त्याच्यापुढे कार्ड काय काढणार! तिसरं मात्र वाचताच मी उठून उभा राहिलो. एका वेळी पाच हजारांच्या वर खरेदी केली की पाचपट पॉइंट! आणि पॉइंट साठले की विमानाचं तिकीट!

"हे पाह्य!" मी म्हणालो. "पाचपट!"

सुनंदाने कागद हातात घेऊन नीट वाचला. मग विचारलं, "आपन एकदम पाच हजाराचं काय घेतो?"

मी विचार केला. फार विचार केला. शेवटची एवढी मोठी खरेदी म्हणजे आमचा दिवाण, आणि तोही सासऱ्यांनी दिला होता.

"घेऊ ना काहीतरी," मी म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कार्डासाठी सही करून आलो.

कार्ड आलं. पुढे काहीच होईना. घरात खरेदी करण्याजोगं काही बिघडत नव्हतं! पंखा चालत होता. मिक्सर चालत होता. मी येता-जाता मिक्सरला कान लावायचो की काही आवाज-बिवाज येतो का. एकदा तर सुनंदाने मला त्यात शेंगदाण्यांऐवजी सालासकट सुपारी टाकताना पकडलं. (मिक्सरला काही झालं नाही. सुपारी मात्र सुरेख बारीक झाली.) दिवाळी जवळ येत होती आणि सुनंदा तिच्या बहिणीला फोनवर विचारत होती की विमानात स्वेटर लागतो का.

तेवढ्यात मला आमच्या मागच्या घरातले देवराव दिसले. म्हणजे ते रोजच दिसायचे, पण त्या दिवशी मला ते पाचपट दिसले. देवरावांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आंदणात द्यायला कपाट, फ्रिज आणि दिवाण घ्यायचा होता, आणि त्यांचा गेल्या हंगामातला उरलेला कापूस घरात पडून होता. भाव चढेल या आशेवर ते थांबले होते.

"देवरावभाऊ, तुमी सामान आत्ताच घ्या," मी म्हणालो. "माह्या कार्डावर. कापूस इकला का मले पैसे द्या."

देवरावांनी डोळे बारीक केले. "याच्यात तुमचा काय फायदा?"

"पॉइंट."

"अन् पॉइंटाचं काय होते?"

"इमान."

देवरावांनी पुढे काही विचारलं नाही. ज्या माणसाला कपाटावरून विमान दिसतं, त्याच्याशी वाद कशाला, असा त्यांचा चेहरा होता. आम्ही यवतमाळला गेलो. दुकानदाराने माझं कार्ड मशीनमधून सर्रकन ओढलं, आणि त्या आवाजाने माझा पाय पहिल्यांदा थांबला. कपाट माझ्या मालकीचं नव्हतं, फ्रिज माझा नव्हता, पण पॉइंट माझे होते! परत येताना मेटॅडोरमध्ये मी त्या फ्रिजच्या खोक्याला टेकून बसलो आणि मनातल्या मनात मुंबईला उतरलो.

पॉइंटांच्या मागून बिल येतं, ही बारीक गोष्ट मी विसरलो होतो.

बिलाची तारीख जवळ आली तसा मी देवरावांच्या अंगणात घिरट्या घालायला लागलो. कापसाचा भाव मात्र उलटा चालला होता. देवराव वैतागून म्हणाले, "भाऊ, तुमी असे चकरा काहून मारून राह्यले? या भावात इकला तं लोक मले येडा म्हनतीन. मले पैसे बुडवाचे नाहीत, पन आता हातात नाहीत. असं करा, तुमी कापूसच घ्या. भाव चढला तं वरचा फायदा तुमचा!"

इथे शहाण्या माणसाने नमस्कार करून घरी जायचं असतं. पण माझ्या डोक्यात पाचपट बसलं होतं. कपाटावर पॉइंट, कापसावर नफा! एका कपाटाचे दोन फायदे! मी जागच्या जागी हो म्हणालो. बिलाची कमीत कमी रक्कम पगारातून भरली, आणि बाकीच्यावर व्याज चढत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली. सुनंदा दात घासत बाहेर आली.

"हे कोनाचं?"

"आपलं," मी म्हणालो.

मधली खोली कमरेपर्यंत भरली. दिवाण कापसाखाली गेला. घड्याळ तेवढं वर राहिलं. आम्ही स्वयंपाकघरात झोपायला लागलो. आगीच्या भीतीने मी घरात उदबत्ती बंद केली, मच्छरची अगरबत्ती बंद केली, देवासमोरचा दिवा मोरीत नेऊन ठेवला. आणि मग सुरू झाली खाज. साठवलेल्या कापसातले बारीक किडे अंगावर चढायचे. मी ऑफिसात फायलीवर सही करता करता पाठ खुर्चीला घासायचो. साहेब म्हणाले, "सुटी घ्या." मी म्हणालो, "सर, घरीच तं होते हे!"

आणि अशा घरात एका रविवारी, न कळवता, प्रभाकरराव आले. सोबत सुनंदाची बहीण. विमानातल्या प्रवासाच्या सूचना द्यायला!

बसायला जागा नव्हती. "वर या," मी म्हणालो. प्रभाकरराव काळी पँट घालून कापसावर चढले, बसले आणि छातीपर्यंत आत गेले. त्यांना ओढून काढलं तेव्हा ते पांढरे झाले होते आणि त्यांचा नवा मोबाइल आत राहिला होता.

"फोन लावा त्याच्यावर!" सुनंदाची बहीण ओरडली.

मी घरच्या फोनवरून लावला. कापसाच्या आतून, कुठूनतरी खोलवरून, सनईची धून वाजायला लागली. प्रभाकरराव उजवीकडे बुडाले, मी डावीकडे. धून कधी दिवाणाकडून यायची, कधी भिंतीकडून. मी कापूस उपसायचो तो प्रभाकररावांच्या डोक्यावर, ते उपसायचे तो माझ्या. पाऊण तासाने सनई बारीक झाली आणि थांबली. बॅटरी संपली होती.

"साडूभाऊ," प्रभाकरराव नाकातला कापूस काढत म्हणाले, "हे इमानाचं काय प्रकरन हाये?"

मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण हसायला तोंड उघडलं की कापूस आत जायचा. सुनंदा मात्र हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की विमानाचं तिने मनातून खरंच धरलं होतं. मला फार वाईट वाटलं. खाजही सुटली होती, पण त्या वेळी मी खाजवलं नाही.

पाहुणे गेल्यावर ती माझ्या केसांतून बोंडाचा चुरा काढत म्हणाली, "इमान नाही झालं तं नाही झालं. पन मले माह्या घरात पाय पसरून झोपाचं हाये."

सरकारी खरेदी केंद्रावर गेलो तर त्यांनी सातबारा मागितला. मी सरकारी नोकर, माझा सातबारा कुठला! देवरावांच्या सातबाऱ्यावर बसेल तेवढा त्यांचा बाकीचा कापूस हंगामातच जाऊन बसला होता. उरला खासगी व्यापारी. त्याच्या माणसाने गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला, मूठ वर काढली आणि मुठीत प्रभाकररावांचा मोबाइल होता.

"याच्यात कचरा हाये," तो शांतपणे म्हणाला. "भाव कमी लागन."

"अरे, तो कचरा नोहे, माह्या साडूचा फोन हाये!"

"आज फोन निंघाला. उद्या काय निंघन, कोनाले मालूम?"

आजूबाजूचे गाडीवाले उतरून बघायला आले. कुणी म्हणालं, आत चार्जरही असेल. भाव आणखी खाली गेला. देवरावांकडून ज्या भावाने घेतला होता त्याच्या पुष्कळ खाली सगळा कापूस गेला. कार्डाचं बिल, त्यावरचं व्याज आणि गाडीभाडं भरताना माझा दिवाळीचा बोनसही गेला. पण कार्ड मोकळं झालं, मधली खोली मोकळी झाली, आणि बऱ्याच दिवसांनी दिवाणाचं तोंड दिसलं.

आणि पॉइंट? पॉइंट होते! ते कुणी घेऊ शकलं नव्हतं. आंदणाचे पाचपट, कार्ड घेतल्याबद्दलचे स्वागताचे वेगळे. मी सुनंदाला फोनजवळ बसवलं, आवाज बाहेर येईल असं बटण दाबलं आणि कार्डाच्या कंपनीला फोन लावला. सुनंदाने पदर सावरला, जणू पलीकडून कुणी तिला बघणार होतं. पलीकडच्या मुलीने सगळा हिशेब बघून गोड आवाजात सांगितलं, "अभिनंदन सर! तुमच्या पॉइंट्सवर नागपूर ते मुंबई एक तिकीट मिळेल."

"एक म्हणजे? दोघांचं एक?"

"एका व्यक्तीचं, सर. एका बाजूचं. आणि त्यावरचा टॅक्स तुम्हाला वेगळा भरावा लागेल."

मी सुनंदाकडे बघायचं धाडस करत नव्हतो. सुनंदा उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मंग तुमीच जा. एकाच बाजूचं हाये हे तं लयच बेस झालं."

ती आत गेली. भांडी जोरात वाजायला लागली. मला लाज वाटली, मनापासून वाटली, आणि आता फोन ठेवून तिच्या मागे जायला हवं हेही मला कळत होतं.

मी रिसीव्हर तोंडाजवळ धरला आणि आवाज जरा हळू करून विचारलं, "मॅडम, तो टॅक्स जर मी कार्डावरच भरला, तर त्याचे पॉइंट मिळतील का?"