डाव्या दरवाजावरची रेघ

त्या गाडीच्या दरवाजावर डांबर मी फासलं होतं. आधी हे सांगून टाकतो, कारण ते सांगायला मला तेव्हा फार दिवस लागले.

माझं वय तेव्हा तेवीस. घर लालबागच्या चाळीत, वडील गिरणीत, मूळ गाव कोकणात. मी मात्र गिरणीत गेलो नाही. परळच्या एका मोटार गॅरेजमध्ये रंगकाम करायचो आणि त्यातही माझं खास काम रेघांचं. आता गाड्यांवर प्लॅस्टिकचे पट्टे चिकटवतात, ते उन्हाने पांढरे पडले की गरम करून सोलून काढतात. आमच्या वेळी गाडीच्या कमरेवरून पुढून मागपर्यंत हाताने रेघ ओढायची पद्धत होती. एक जाड रेघ आणि तिच्याखाली एक बारीक. खारीच्या शेपटीच्या लांब केसांचा ब्रश, डाव्या हाताचा उजव्याला टेकू, आणि दरवाजा संपेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. चार वर्षांत माझा हात बसला होता. मिस्त्री दुसऱ्या कुणाला तो ब्रश देत नसत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. हरताळ पडला की गॅरेज बंद, आणि गॅरेज बंद की आम्ही मोर्चात. घसा बसेपर्यंत घोषणा द्यायच्या. मुंबई आपली, हे मला कुणी पटवून द्यावं लागलं नव्हतं. माझ्या बापाच्या फुप्फुसात मुंबईचा कापूस होता.

अशाच एका हरताळाच्या दुपारी आम्ही तिघं मोर्चातून फुटून गिरगावातल्या एका गल्लीत शिरलो. रस्त्याच्या कामाचं डांबराचं पिंप कडेला पडलेलं होतं, त्यात सुतळीचा कुंचा. समोर एक जुनी, छोटी, गडद हिरवी गाडी उभी. तिच्या पुढच्या काचेवर कोपऱ्यात गुजराती लिपीत बारीकसं ‘श्री’ लिहिलेलं होतं. तेवढं मला पुरलं. मी कुंचा उचलला आणि डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे या टोकापासून त्या टोकापर्यंत फासून टाकले. मजा आली, हेही खरं. आम्ही पळालो आणि कोपऱ्यावर थांबून हसलो.

आठ-दहा दिवसांनी ती गाडी आमच्या गॅरेजमध्ये आली.

मी ओळखली. मिस्त्री मालवणकडचे. माझ्याकडे बघून म्हणाले, “काय रे, भूत बघलंस काय?” गाडीबरोबर एक वृद्ध गृहस्थ होते. पांढरं धोतर, काळा कोट, हातात काठी. ठाकूरद्वारला राहणारे गुजराती शेठ. गिरण्यांना कापडाचे रंग पुरवण्याचा त्यांचा छोटा धंदा होता, तो त्यांनी आता बंद केला होता. मराठी अगदी आपल्यासारखं बोलत.

“डांबर तर काढाच,” ते मिस्त्रींना म्हणाले, “पण रेघ नवी दिसता कामा नये. होती तशी जुनी, उडालेली दिसली पाहिजे.”

मिस्त्रींना वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी लहर असेल. “दोन्ही बाजू नव्या करून देतो की शेठ, चकाचक.”

“नको. माझ्या बायकोला कळायला नको.” मग त्यांनी सांगितलं. बायकोचं हृदय कमजोर होतं. आठवड्यातून दोनदा ते तिला चौपाटीपर्यंत हवा खायला नेत, तेवढंच तिचं बाहेर जाणं. हरताळाच्या दिवसापासून ती खाली उतरली नव्हती. गाडीचं इंजिन बिघडलंय असं त्यांनी तिला सांगितलं होतं. नातेवाईक मागे लागले होते की सुरतेला निघून या. ती म्हणत होती, मी गिरगावात जन्मले, मला इथे कोण काय करणार आहे? “तिचं हे बोलणं खोटं पडलेलं मला तिला दाखवायचं नाही,” शेठ म्हणाले.

मिस्त्रींनी काम माझ्यावर सोपवलं. रेघेचं काम दुसरं कोण करणार?

डांबरावर मी गोडेतेल चोपडून ठेवलं. ते मऊ पडल्यावर चिंधीने आणि रॉकेलने हळूहळू उचललं. डांबर निघालं, पण त्याच्याबरोबर रेघही निघाली आणि हिरव्या रंगावर काळपट डाग राहिले. ते घासून, जुन्याला जुळेल असा हिरवा मारून मी दरवाजे तयार केले. मग प्रश्न रेघेच्या रंगाचा. उजव्या बाजूची जुनी रेघ कधीकाळी पांढरी असेल. आता तिचा रंग कसला म्हणायचा तेही कळत नव्हतं. मी तीनदा कालवला, तिन्ही वेळा तो सायीसारखा ताजा दिसला.

शेठ रोज सकाळी यायचे आणि स्टुलावर बसून बघायचे. दुसऱ्या दिवशी ते उठून माझ्याजवळ आले. “तू पांढऱ्यात पिवळा घालतोयस. तसं नसतं. चांगल्या पांढऱ्यात निळीचा अंश असतो, ऊन आधी तोच खातं. निळा नसलेला पांढरा घे. मग चिमूटभर मातकट तपकिरी. पिवळ्याला हात लावू नकोस.” त्यांनी नखावर एक थेंब घेतला, गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन जुन्या रेघेवर धरला आणि मान हलवली. “अजून एक कण.”

तीन दिवस आम्ही दोघं असे एका वाटीवर वाकून उभे होतो. मला आयुष्यात रंग खऱ्या अर्थाने त्यांनीच शिकवला. कुठल्या गिरणीचा लाल कसा उतरायचा, काळा विरताना हिरवट का होतो, असं ते सांगत राहायचे. एकदा मी विचारलं, “शेठ, कुणी केलं हे, बघितलंत तुम्ही?”

“गॅलरीतून पाठ दिसली. तीन पोरं होती.” एवढंच बोलून ते पुन्हा वाटीत बघू लागले.

सांगायची ती वेळ होती. मी ब्रश धुवायला गेलो.

रेघ वाळल्यावर मी ती बारीक पावडरने घासून मंद केली. दोन्ही बाजूंना आळीपाळीने उभं राहून शेठनी बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. गाडी घरी पोचवायला मलाही बरोबर घेतलं, वाटेत म्हणाले, “चहा घेऊन जा.”

ठाकूरद्वारला त्यांच्या वाडीत गाडी उभी राहिली तेव्हा त्यांची बायको कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत खालीच येत होती. बारीक अंगाची, पांढऱ्या केसांची बाई. वाडीतले लोक तिला बेन म्हणत. ती नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला आली, दरवाजाच्या मुठीला हात लावला आणि थांबली.

“रेघ नवीन आहे,” ती म्हणाली.

“नवीन कुठली? जुनीच आहे,” शेठ म्हणाले. “पुसून घेतली जरा.”

“मुठीच्या खाली बारीक रेघ जाड रेघेला चिकटायची. रोज चढताना बघते मी. आता बघा, सरळ आहे.” मग तिने माझ्या हातांवरचे रंगाचे डाग बघितले आणि मला विचारलं, “तू काढलीस ना रे? काय झालं होतं इथे?”

शेठ तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघत होते. ओरखडा, घासलं गेलं, काहीही सांगता आलं असतं. त्यांना तेच हवं होतं.

“डांबर होतं,” मी म्हणालो. “मीच फासलं होतं.”

मग शेठ काठी आपटत माझ्याजवळ आले. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“तीन दिवस,” ते म्हणाले. “तीन दिवस माझ्या शेजारी उभा राहून रंग कालवलास तू!”

बेननी त्यांचा हात धरला. मला म्हणाल्या, “आम्हाला ओळखत होतास?”

“नाही.”

“मग?”

मी काचेवरच्या ‘श्री’कडे बघितलं. त्यांनी माझ्या नजरेचा माग काढला आणि त्यांना कळलं. त्या रडल्या नाहीत, की छातीला हात लावून बसल्या नाहीत. शेठना वाटत होती त्यापेक्षा ती बाई कणखर होती. फक्त म्हणाल्या, “ते माझं अक्षर आहे.” मग दरवाजा उघडून आत बसल्या. “चला, ऊन उतरतंय.”

स्टिअरिंगमागे बसूनही शेठनी बराच वेळ गाडी सुरू केली नाही. मी चालत परळला आलो आणि मिस्त्रींना सगळं सांगितलं. माझा ब्रश त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. महिनाभर मी फक्त पत्रे घासले. ती गाडी आमच्या गॅरेजमध्ये पुन्हा आली नाही.

मोर्चांना मी जातच राहिलो. माझी मागणी बदलली नव्हती, घोषणांचा जोरही कमी झाला नव्हता. हात मात्र खिशात असत.

राज्य झालं त्या दिवशी लालबाग दिव्यांनी भरून गेलं होतं. वडील कधी नव्हे ते मला मिठी मारून रडले. मला आनंद झाला, पूर्ण झाला, त्यात कसलीही भेसळ नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि ठाकूरद्वारला गेलो. का गेलो हे तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. ते सुरतेला गेले असतील असं अर्धं मन म्हणत होतं.

दार शेठनीच उघडलं. फार वाळले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुड्याकडे बघितलं.

“माझा राग गेलेला नाही,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हणालो.

आतून बेनचा आवाज आला, पूर्वीपेक्षा क्षीण. “कोण आहे हो?”

ते काही क्षण दार धरून उभे राहिले. मग आत वळून म्हणाले, “परळचा रंगवाला आलाय. चहा ठेवतो.” आणि दार तसंच उघडं ठेवून स्वयंपाकघराकडे गेले.