वरच्या मजल्यावरचा वाचक

मतमोजणी संपली तो शुक्रवार होता. देशाने युरोपमधून बाहेर पडायचं ठरवलं. आमच्या घरातून दोन मतं गेली होती. माझं राहण्याच्या बाजूचं होतं, यांचं बाहेर पडण्याच्या.

आम्ही हाउन्सलोला तळमजल्यावर राहायचो. पासपोर्ट भारताचे, पण राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून आम्हाला मत होतं. वरच्या मजल्यावर पेडण्याचा एक गोवेकर भाड्याने राहत होता. त्याचे वडील पोर्तुगीज अमलात जन्मले, त्या आधारावर त्याने पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि इथे येऊन विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागला. पोर्तुगाल त्याने पाहिलासुद्धा नव्हता. "मी युरोपियन, वयनी. रंगावरून कळत नाय?" असं म्हणून हसायचा. त्या युरोपियनाला मात्र मत नव्हतं.

मधुमेहाने यांची नजर हळूहळू गेली होती. भिंतभर पुस्तकं आणि त्यांच्यासमोर हे, खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. एकदा आमचं चुकून वर गेलेलं पार्सल द्यायला तो खाली आला, कपाटातून एक कादंबरी काढली आणि उभ्या उभ्याच मोठ्याने वाचायला लागला. गावच्या शाळेत मराठीतून शिकलेला. त्याच्या वाचण्याला एक हेल होता, वाक्याचं शेपूट जरा वर उचलणारा. त्यानंतर रविवारची दुपार त्याची झाली.

उतरणारी विमानं आमच्या छपरावरूनच जात. विमान आलं की तो ओळीवर बोट ठेवून थांबायचा. खिडकीची काच थरथरायची, आवाज विरायचा, आणि तो त्याच शब्दापासून पुढे जायचा. त्या कादंबऱ्या मला अजून तशाच आठवतात. नायिका उंबऱ्यात उभी आहे, तिला काही सांगायचं आहे, तिच्या डोक्यावरून विमान जातं आहे, आणि ते दूर गेल्यावर ती बोलते. मूळ पुस्तकात ते विमान नाही, हे मला आता खरंच वाटत नाही.

निकालानंतरच्या रविवारीही तो आला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते.

"भाऊ, एक विचारू? तुम्ही कोणत्या बाजूने दिलंत?"

यांना थाप मारता आली असती, किंवा नुसतं हसता आलं असतं.

"बाहेर पडायच्या," हे म्हणाले. "आमच्या भाच्याला दोनदा व्हिसा नाकारला रे. लोक म्हणत होते, युरोपवाल्यांची रांग बंद झाली की आपली उघडेल."

"युरोपवाल्यांची म्हणजे माझी."

"तुझी कसली? तू पेडण्याचा!"

"मी पेडण्याचा, भाऊ. पासपोर्ट नाय ना पेडण्याचा."

हे हसले, तोही हसला. विमान गेलं. मग त्याने पुस्तक उघडलं आणि विचारलं, "आज किती पानं वाचू?"

हा प्रश्न त्याने आधी कधी विचारला नव्हता. पुढे दर रविवारी विचारू लागला. "तुला हवी तेवढी," हे म्हणत. तो थोडी पानं वाचायचा, खूण घालायचा आणि चहाला न थांबता वर जायचा. बायकोला आणि मुलीला इकडे आणायचं म्हणून तो शाळांची चौकशी करत असे, तीही बंद झाली.

"तो रागावलाय का गं?" हे मला विचारायचे.

"त्यालाच विचारा की."

"विचारू कसं? मत देऊन बसलोय."

अशी तीन-चार वर्षं गेली, आणि आईच्या आजारपणासाठी म्हणून तो गावी गेला. तो तिकडे असतानाच साथ आली आणि विमानं थांबली. युरोपच्या लोकांना इथे राहण्यासाठी अर्ज करायचा होता, त्याला मुदत होती. तो आज करू, उद्या करू म्हणत राहिला होता. आई गेली, मुदतही गेली. ज्याच्यासाठी यांनी मत दिलं तो भाचा दरम्यान कॅनडाला स्थायिक झाला होता.

विमानं थांबली त्या वसंतात आकाश कोरं होतं. समोरच्या चेरीची फुलं पडायची तेवढीच हालचाल. यांना मी वाचून दाखवू लागले.

"जरा थांबत जा गं."

"कशाला? विमान कुठाय?"

"नसू दे. थांब तरी."

मग मी ओळीच्या मध्येच थांबायचे. दोघंही न येणाऱ्या आवाजाकडे कान लावून बसायचो. कुठेतरी कबुतर घुमायचं. यांचा चेहरा छताकडे असायचा.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. इथे अंत्यसंस्कारालाही तारीख मिळावी लागते. ती मिळेपर्यंत पेडण्याहून त्याने मुदत संपलेला पासपोर्ट नवा करून घ्यायची धावपळ केली. वेळेत जमलं नाही. नंतर त्याचा फोन आला.

"त्यांनी शेवटपर्यंत एकच विचारलं," मी म्हणाले. "तुला राग आला होता का?"

पलीकडे कोंबडा आरवत होता.

"राग नाय, वयनी. कामावर जो तो सांगायचा, मी नाय हां दिलं तसलं मत. मग इतकी मतं आली कुठून? भाऊ एकटे खरं बोलले." तो थांबला. "पण वाईट वाटलं होतं. खूप वाटलं होतं. ते भाऊंसमोर बसून सांगायचं होतं, म्हणून यायचं होतं मला."

मी म्हटलं, मला सांगितलंस, तेही चालेल. पण ते चालणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

वरच्या मजल्यावर आता दुसरं कुटुंब आलं आहे. पुस्तकं भिंतीला आहेत, मी ती मनात वाचते. तो पेडण्यात असतो, मी हाउन्सलोत. अधूनमधून आम्ही फोनवर बोलतो.